मामांचा मोबाइलवरचा कौल

“मेलंय रे, मेलंय! डाव्या अंगाक मारल्यान माका!”

या किंकाळीनं देवबागच्या माडांवरच्या घारी उडाल्या आणि मामींच्या होमस्टेमध्ये उतरलेलं पुण्याचं एक जोडपं तोंडात टूथब्रश तसाच धरून अंगणात धावलं. मामी शेगडीपुढून हलल्यासुद्धा नाहीत. “काय नाय, खेळतत ते,” म्हणाल्या, “तुमी चाय घेतल्यात?” ओसरीवर माझ्या बायकोचे मामा, वय वर्षं अडुसष्ट, कपाळ पुसत बसले होते. समोर कोकमाच्या बरणीला टेकवलेला मोबाइल आणि हातात वायर नसलेला कंट्रोलर.

रेवसपासून तेरेखोलपर्यंतच्या किनाऱ्यावर इतका घाबरट माणूस दुसरा झाला नाही, आणि भीतीचा इतका शौकही कुणी केला नाही. मामा पाण्याला घाबरत, आणि त्यांचं घर असं की पुढच्या दारात समुद्र आणि मागच्या दारात खाडी. फ्रीज रात्री मध्येच हुंकार देतो म्हणून त्यांनी त्याला पाठ करून झोपणं कधीच सोडलं होतं. अशा माणसानं पंचवीस वर्षं बोटीवर फिटर म्हणून काढली. कशी, असं मी एकदा विचारलं. “इंजिनरूमातसून समुद्र दिसणा नाय, जावयानू,” ते म्हणाले. बोट परदेशी बंदराला लागली की बाकीचे खलाशी जिथे जायचे तिथे जात. मामा खलाशांच्या क्लबातल्या नाण्याच्या मशीनपुढे उभे राहत. वरून शत्रूंच्या रांगा खाली सरकतायत, खाली आपलं एकुलतं एक विमान, आणि जीव तीन. “माणसाक एकच जीव दिल्यान देवान,” ते म्हणत, “थंय तीन गावतत. मगे मी खंय जातलंय?”

तोच खेळ आता मोबाइलवर मिळतो हे माझ्या बायकोनं त्यांना दाखवलं. पण काचेवर बोट घासून खेळणं म्हणजे चमच्यानं मासे खाणं, असं म्हणून त्यांनी तो आठवडाभर शिवला नाही. मग तिनं खरी दांडी आणि खरी बटणं असलेला कंट्रोलर आणून दिला. मामांनी तो दोन्ही हातांत घेतला आणि माझी शपथ, त्यांच्या डोक्यावरचे गेलेले केस अर्धा इंच परत आले. खाऱ्या हवेत गंजेल म्हणून कंट्रोलर तांदळाच्या डब्यात झोपायचा. भाताला त्याचा वास येतो, ही मामींची तक्रार.

इथवर सगळं ठीक होतं. बिघडलं ते कौलावरून. आमच्याकडे अडल्यानडल्याला देवाला कौल लावतात. गुरव मूर्तीला दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. एकदा मामांना मालवणला जायचं होतं आणि गुरव लग्नाला गेलेला. मामांनी तात्पुरती सोय म्हणून मोबाइललाच गाऱ्हाणं घातलं: शेवटचा जीव पडद्याच्या उजव्या अर्ध्यात गेला तर जायचं, डाव्यात गेला तर नाही. डावा कौल आला. मामा घरी राहिले आणि ती एसटी वाटेत दोन तास बंद पडली. झालं. तेव्हापासून माडावरचे नारळ उतरवायचे की नाही, सुरमई घ्यायची की बांगडा, सगळं त्या विमानावर. खेळापूर्वी मामा उभे राहून हात जोडत, “बा देवा म्हाराजा, ह्या लेकराक बरी वाट दाखव,” आणि घरात जो कुणी असेल त्यानं “व्हय म्हाराजा” म्हणायचं. पुण्याच्या त्या जोडप्यानंही जाईपर्यंत दोनदा म्हटलं.

आणि मग गोव्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की मामांच्या हृदयाच्या तीन नळ्या तुंबल्या आहेत, छाती उघडावी लागेल आणि महिनाभराच्या आत. मामा घरी आले, तांदळाचा डबा उघडला. पहिल्या दिवशी डावा. दुसऱ्या दिवशी डावा. रोज सकाळी गाऱ्हाणं, रोज किंकाळी, रोज डावा. आठव्या दिवशी सावंतवाडीला माझा फोन वाजला. मी शाळेत चित्रकला शिकवतो, हृदयातलं मला फक्त बदाम काढण्यापुरतं कळतं. “जावयानू, येवन जावा,” मामी म्हणाल्या. त्यांचा आवाज एवढा बारीक मी कधी ऐकला नव्हता. “माझा ऐकनत नाय. देवान सांगल्यार ऐकतले.”

नवव्या सकाळी मामांचे ओठ निळसर दिसत होते. गाऱ्हाणं घालताना मध्ये दोनदा दम लागला. मामी आणि मी “व्हय म्हाराजा” म्हणालो आणि मामांनी कंट्रोलर उचलून माझ्या हातात ठेवला. “आज तुमी खेळा. तुमचो हात परको.”

मी घाबरट नाही असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो आहे. पण त्या क्षणी माझ्या अंगठ्याला असा घाम सुटला की दांडीवरून त्याची खाडी वाहू लागली. पहिले दोन जीव तर मी नुसत्या धास्तीनं घालवले. तिसरा उरला तेव्हा विमान उजव्या अर्ध्यात नेऊन उभं केलं, म्हटलं या, मारा. पण मरायला उभं राहिलं की मरणही भाव खातं. सगळ्या गोळ्या डावीकडे. मामा माझ्या खांद्यावरून बघताहेत, त्यांचा श्वास माझ्या कानात, आणि दारात मामी चौकट धरून. अखेर एक गोळी आली, पण विमानाच्या बोटभर उजवीकडे. मी ती चुकवतोय असं दाखवत बरोबर तिच्याखाली सरकलो.

विमान फुटलं. मामा किंचाळले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, धोतराला पुसला. “उजवो,” म्हणाले. “गो, माझी बॅग काढ.”

ऑपरेशनचे ते पाच तास मी कुणाला सांगत नाही. गोव्याच्या त्या इस्पितळात, दाराबाहेरच्या बाकावर बसून मी माझ्या उजव्या अंगठ्याकडे बघत होतो. आत काही झालं असतं तर डॉक्टरांचा दोष नसता, देवाचाही नसता. मामी शेजारी माळ ओढत होत्या आणि मधूनच माझ्याकडे बघून म्हणत होत्या, “देवानच दिल्यान कौल, आता तोच बघतलो.” दर वेळी मी तो अंगठा मुठीत लपवत होतो.

मामा जगले. आता खेळतातही, पण टाक्यांमुळे ओरडत नाहीत. विमान पडलं की नुसता एक उसासा येतो, आणि ओसरी फार मोठी वाटते. परवा मामी बाजाराला गेलेल्या बघून मी मन घट्ट केलं. म्हटलं, “मामानू, तो कौल देवाचो नाय होतो. विमान मी मुद्दाम उजवीकडे नेलंय.”

मामांनी खेळ थांबवला नाही.

“माका ठावक आसा,” ते म्हणाले. “आठ दिवस माझो हात उजवीकडे जाय नाय होतो.”