सगळ्या स्टेशनांवरची अर्लीन

माझे वडील, एल्विन कोबर्न, रेल्वेत गार्ड होते. अमेरिकेत व्हरमाँटच्या डोंगरातली आमची लाइन छोटी, पण तिच्या जाहिरात खात्याची हौस दांडगी. एका हिवाळ्यात त्यांना पोस्टरसाठी बर्फात हसणारी बाई हवी होती. फोटोवाल्याने निवडली स्टेशनच्या उपाहारगृहात वाढणारी माझी आई, अर्लीन. शेजारी उभा केला हॉटेलातला स्की शिकवणारा डेन्झिल, हात तिच्या कमरेवर.

पोस्टर सगळ्या स्टेशनांवर लागलं. वडिलांची गाडी जिथे थांबे तिथे तो हात.

"एवढं हसायला काय झालं होतं तुला?"

"थंडीने दात वाजत होते माझे."

"माझ्याबरोबर कधी नाही वाजले ते!"

हमाल विचारायचे, "काय एल्विन, वहिनी आज कुठल्या गाडीने?" वडील जळून खाक व्हायचे. शेवटी त्यांनी एकेका स्टेशनावरचं पोस्टर फाडून इंजिनाच्या भट्टीत घालायला सुरुवात केली. पकडले गेले, कामावरून काही दिवस घरी बसवले गेले.

आई चिडली नाही. एवढंच म्हणाली, "एक तरी ठेवायचंस. माझा फोटो काढायला इतक्या लांबून दुसरं कोण येणार होतं?"

पुढे डेन्झिल कोलोरॅडोला गेला, तिथेच संसार केला. लाइन बंद पडली, रूळही उचलले. मग गावातल्या हौशी मंडळींनी जुनी वेळापत्रकं, माहितीपत्रकं, पोस्टरं गोळा करून संग्रहालय उभारलं. हे एकच पोस्टर कुठे मिळेना. अखेर ते आलं डेन्झिलच्या मुलीकडून. बापाच्या खोलीत मरेपर्यंत लावलेलं होतं म्हणे.

"मरेपर्यंत!" वडील जेवता जेवता उठले. "माझ्या बायकोला भिंतीवर ठेवून मेला तो!"

"त्याने निदान ठेवलं," आई म्हणाली.

संग्रहालयात ते पोस्टर मांडलं त्या दिवशी वडील दारात थांबलेल्या मोटारीतून उतरेनात. आई आणि मीच आत गेलो. आई काचेसमोरून हलेना. बऱ्याच वेळाने वडील टोपी हातात घेऊन तिच्यामागे येऊन उभे राहिले.

"चांगली दिसत होतीस."

"आत्ता सांगतोस?"

"तेव्हा त्याच्याकडेच बघत राहिलो गं मी. तुझ्याकडे बघायचं राहूनच गेलं."

आईने काचेवरची नजर काढली नाही, पण त्यांच्या दंडात हात घातला.

पुढच्या आठवड्यात वडिलांनी स्वतः जाऊन त्या पोस्टरची प्रत मागून आणली आणि स्वयंपाकघरात आईच्या खुर्चीसमोर टांगली. स्वतः मात्र पोस्टरवरच्या त्या हाताकडे पाठ करूनच जेवायला बसतात.