नीसहून आईसाठी आलेला निरोप

मंडळी, आज दुपारचीच गोष्ट. कुणाला तरी सांगायला हवी म्हणून इथे लिहितेय.

इथे माउंट रॉस्किल उपनगरात आमच्या शेजारी लोसे राहते, मूळची टोंगाची. तिची मुलगी सेला चर्चची मिशनरी म्हणून फ्रान्सला, नीसमध्ये आहे. दर आठवड्याला सेलाचा ईमेल येतो आणि लोसे तो कुंपणापाशी उभी राहून आम्हाला वाचून दाखवते. जायच्या आधी सेला माझ्या आईकडून पोळ्या शिकायची. एकही धड फुगली नाही कधी. आई तरी त्या आवडीने खायची.

या आठवड्यात तिथे कार्निव्हल होता. रथांवरून लोकांवर फुलं उधळत होते म्हणे. आणि सेलाने एका एकट्या म्हातारीचं स्वयंपाकघर घासून दिलं, तिला पोळी करून घातली. शेवटचं वाक्य होतं, "आजींना सांगा, फुगली!"

लोसे वाचता वाचता थांबली. "सॉरी गं. तिला अजून सांगितलंच नाहीये. इतक्या लांब आहे ती."

आईला जाऊन तीन आठवडे झाले. मला अजून रडू आलेलं नाही. आजही आलं नाही. मी "सांगते" म्हटलं, घरात आले आणि आईच्या खोलीच्या दारात उभं राहून खरंच सांगितलं. मग दोनच्या मीटिंगला लॉग इन केलं.

आत्ता लोसेचा मेसेज आलाय. "तिकडे आता सकाळ झालीये, सेला उठलीये. विचारतेय, आजी काय म्हणाल्या?"

काय कळवू?