पाचव्या तारेचा सा

सुलेखा बँजो वाजवते हे कळलं की सिंगापुरातल्या ओळखीच्या मराठी बायकांना गणपतीच्या मिरवणुकीतला बटणांचा बेंजोच आठवायचा. हा तो नव्हे, हे सांगून सांगून ती दमली होती. हा अमेरिकेतल्या डोंगराळ मुलखातला, डफाला लांब मान बसवावी तसा, पाच तारांचा. तिचे यजमान रवींद्र हार्बरफ्रंटला जहाज कंपनीत होते. तिथला एक अमेरिकन चीफ इंजिनीअर निवृत्त होताना ओझं नको म्हणून तो त्यांच्या गळ्यात मारून गेला. इंजिनात काय कुरकुरतंय ते रवींद्रना दहा पावलांवरून कळे. सुराशी मात्र त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. म्हणून बँजो बायकोकडे आला.

आणि योग्य हाती आला. तिचे वडील, तात्या, मिरजेत तंबोरे आणि सतारी जुळवून द्यायचे. बँजोच्या तारा छेडल्यावर सुलेखाला हसूच आलं: प, सा, ग, प, आणि अंगठ्याजवळ एक आखूड पाचवी तार, तिच्यावर वरचा सा. सतारीच्या चिकारीसारखा तो मधूनमधून वाजतच राहतो. सतारीला एक नखी, इथे तीन, एवढाच काय तो फरक, असं म्हणून तिने पन्नाशीत शिकायला घेतलं.

दर शनिवारी सकाळी क्लेमेंटीच्या कम्युनिटी क्लबात चौघं जमत. मिसेस लिम, फिजिक्सच्या निवृत्त शिक्षिका, फिडल वाजवत, म्हणजे आपलं व्हायोलिनच. उरलेले दोघे गिटारवर साथ करत. जुन्या नाचाच्या चाली सगळ्यांना येत, पण त्या बँजोवर बसवायचं काम सुलेखाचं. बँजोवर नुसती चाल वाजवून भागत नाही. तीन बोटं एकामागोमाग अखंड फिरत असतात, आणि त्या धावपळीत चालीचा सूर नेमक्या क्षणी मोकळ्या बोटाखाली यावा लागतो. एकच बोट लागोपाठ दोनदा आलं की अडखळलंच. ती वहीत सरगम लिहायची, खाली तारेचा आकडा, त्याखाली बोट. खोडायची, पुन्हा लिहायची. एका ओळीत आठवडा जायचा आणि त्या आठवड्यात तिला जेवणाचीही शुद्ध नसायची.

२०१४च्या एप्रिलात ती पुण्याहून परतली ती सर्दी आणि विमानात बसलेले दडे घेऊनच. त्याच आठवड्यात मिसेस लिमनी नवी चाल दिली. तोवरच्या सगळ्या चाली पांढरी पाचमध्ये होत्या, ही पांढरी सहाची, म्हणजे एक सूर वरची. सुलेखाने दुसऱ्या पडद्यावर कॅपो लावला, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा. स्केल चेंजर पेटीत पट्टी सरकवली की सगळे सूर एकदम सरकतात, तसंच हे, असं ती धरून चालली. पेटी वाजवत वाढलेल्या बाईला दुसरं सुचणार तरी काय?

वाजवायला घेतलं मात्र, पाचव्या तारेचा सा, सा नव्हताच. उतरून कोमल नी झाला होता. तिने सूर तपासायचं यंत्र लावलं, हिरवा दिवा. त्या तारेचा सूर तिने शिकताना वहीत लिहून ठेवला होता, नेमका तोच. यंत्र म्हणतं तार बरोबर, मग बिघडलं ते आपल्या कानात, हे तिच्या मनाने घेतलं.

तात्यांचं असंच झालं होतं. साठीच्या आत त्यांचा कान सूर वेडेवाकडे ऐकू लागला. गिऱ्हाइकं नमस्कार करून तंबोरा घेऊन जात आणि दुसरीकडे जुळवून घेत. दोन वर्षं सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, फक्त तात्यांना नाही. सुलेखालाही ठाऊक होतं. तिनेही सांगितलं नाही. आता ती छप्पन्न वर्षांची होती.

तिने रवींद्रना विचारलं. ते मस्त वाजतंय म्हणाले. बँजो उलटा धरला असता तरी तेच म्हणाले असते. मैत्रेयीने, म्हणजे लेकीने, हातातल्या फोनमधून मान वर न काढता तिच्या सिंगापुरी इंग्रजीत सांगितलं, "मा, बँजो ऑलवेज साउंड्स लाइक दॅट, लाह." डॉक्टरांची वेळ दोनदा घेतली आणि दोनदा रद्द केली. कॅपो काढून एखादी जुनी चाल वाजवली असती तर पाच मिनिटांत सोक्षमोक्ष लागला असता. पण तीही वाकडी ऐकू आली तर? तिची छातीच झाली नाही. सर्दीची सबब सांगून तिने शनिवार चुकवले आणि तीन आठवडे बँजोला हात न लावता चाल कागदावर बसवली. जेवताना तिचं लक्ष नसे ते आता वेगळ्याच कारणाने.

ही चाल क्लबातल्या ज्या कार्यक्रमात वाजवायची, तो पुढच्या रविवारी होता. शनिवारी वही मिसेस लिमच्या हाती देऊन बाजूला व्हायचं, असं तिने ठरवलं. मिसेस लिम म्हणाल्या, आधी एकदा वाजवून दाखव. सुलेखाने मान खाली घालून सुरुवात केली. दोन ओळीही झाल्या नसतील, मिसेस लिमनी तोंड कसनुसं केलं.

"तुझी पाचवी तार उतरलीय."

सुलेखाचे हात थांबले. "तुम्हालाही तसंच ऐकू येतंय?"

मिसेस लिमनी गजाच्या टोकाने दाखवलं. पाचवी तार सुरूच होते पाचव्या पडद्यापाशी आणि चिमटा दुसऱ्यावर. तो तिच्यापर्यंत पोचतच नाही. बाकी चार वर चढल्या, ही बिचारी जिथल्या तिथे. त्यांनी खुंटी पिळली आणि सा जागेवर आला.

सुलेखाचा जीव भांड्यात पडला. इतका, की तिला रडूच फुटलं, आणि बोटांत पत्र्याच्या नख्या असल्यामुळे डोळेही पुसता येईनात. रडत रडत तिने तात्यांचं सगळं सांगितलं, आपण गप्प राहिलो तेसुद्धा. मिसेस लिमनी ते ऐकून घेतलं आणि रुमाल पुढे केला.

"मला हे तीन मिनिटंही सोसलं नसतं. तुझे कान ठणठणीत आहेत. डोळे तपासून घे."

मग चौघांनी चाल चार वेळा वाजवली. बोटं कागदावर बसवली होती तशीच पडली, एकही अडखळलं नाही. सगळे आवरायला लागले तेव्हा सुलेखाने हळूच खुंटी सैल केली, सा पुन्हा कोमल नीपर्यंत उतरवला आणि पहिली ओळ वाजवली. गिटारवाल्यांनी कानांवर हात ठेवले. तिने ती आणखी एकदा वाजवली.