अक्कासाठी केलेली अंगठी

हाताने घडवलेले जुने चांदीचे दागिने मी जमवते. कलाशाळेत शिकून घरातच हातोडी चालवणाऱ्या, माझ्या आईच्या पिढीतल्या कलाकारांचे. परवा त्यातली एक अंगठी, ती घडवणाऱ्या सुधाताईंना दाखवायला नेली. बिनखड्याची, षट्कोनी, अगदी साधी.

ताई हसल्या. "ही अक्कासाठी केली होती, माझ्या थोरल्या बहिणीसाठी. 'नळाचा नट कोण घालणार?' म्हणाली. कपाटातच राहिली असेल."

"त्या गेल्यावर त्यांच्या मुलीकडून घेतली मी," मी म्हटलं.

ताईंनी अंगठीवरून बोट फिरवलं आणि त्या थांबल्या. तळव्याकडची बाजू झिजून पार पातळ झाली होती. इतकं झिजायला आयुष्य जातं.

"घातली की गं तिने!" त्या म्हणाल्या आणि त्यांनी अंगठी मुठीत मिटून घेतली.

चहा संपवून मी रिकाम्या हातांनी निघाले.