सुशीलाकाकींची दर शुक्रवारची मेल

वेबसाइटच्या ऑफिसात कसले आलेत किस्से, असं मला लग्नाआधी वाटायचं. तीन माणसं, चार कॉम्प्युटर आणि आमच्या मिरजोळ्याची सतत येणारी-जाणारी लाइट. पण गिऱ्हाईक दार उघडून आत आलं की किस्से साठायला लागतात. मी मुळात कमी बोलते, त्यामुळे माझ्याकडे जरा जास्तच साठतात. घरी सांगावेत असं रोज ठरवते. सासूबाई आवर्जून विचारतात, ‘‘कसा गेला दिवस?’’ मी म्हणते, ‘‘बरा.’’ संपलं! सहा महिने झाले लग्नाला, अजून ‘बरा’च्या पुढे गाडी गेलेली नाही. सासूबाई चांगल्या आहेत, म्हणून जास्तच खंत वाटते.

तुम्हाला मात्र सांगते.

*

सुशीलाकाकी तीस वर्षं बाजारात सुकी मासळी घेऊन बसायच्या. सुकट, सोडे, बोंबील. मग गुडघे गेले आणि बाजार सुटला. मुलीने आमच्याकडून वेबसाइट करून घेतली. साइट झकास झाली, पण काकी काही खूश दिसेनात. आपली माणसं आपल्याला विसरणार, ही त्यांची धास्ती.

आमचे साहेब शिरीषदादा म्हणाले, न्यूजलेटर सुरू करू. मग टेम्पलेट, ओपन रेट, सबस्क्रायबर असं अर्धा तास समजावलं. काकींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘म्हंजे बाजारात बसल्या जागेवरनं हाक मारायची, तसंच ना? मग तसं सांग की सरळ.’’

दादा आता कुठल्याच क्लायंटला न्यूजलेटर म्हणत नाहीत. हाक म्हणतात.

*

सिस्टिम दादांकडे, डिझाइन मेघनाकडे आणि लिहिणं माझ्याकडे आलं. मी बोलत नाही म्हणजे लिहीत असणार, असा दादांचा अंदाज. दर गुरुवारी मी काकींच्या बंदरावरच्या घरी जाते. त्या बोलतात, मी टाइप करते. शब्द त्यांचे, वाक्यं माझी.

त्याआधी ताट येतं. तांदळाची भाकरी आणि कांदा घालून परतलेली सुकट. आमच्या मंडणगडला हे रोजचं जेवण. सासरी मात्र दर रविवारी माझ्यासाठी सुरमई असते. नव्या सुनेला सुकट कोण वाढणार? मी सुरमई निमूट खाते आणि गुरुवारची वाट बघते.

*

पहिल्या मेलला एक गंमत झाली. यादी काकींच्या मुलीने आईच्या फोनवरून उतरवून दिली होती आणि आम्ही ती जशीच्या तशी सिस्टिममध्ये भरली. प्रत्येकाला नावाने नमस्कार जायला हवा ना! तसा तो गेला. फक्त काकींनी फोनमध्ये माणसं कशी सेव्ह केली आहेत, ते बघायचं राहिलं.

‘नमस्कार, मुंबई बोंबील.’ ‘नमस्कार, उद्या येते बाई.’ आणि एका निवृत्त शिक्षकांना, ‘नमस्कार, घासाघीस मास्तर.’

दादा डोक्याला हात लावून बसले. तासाभरात मास्तरांचं उत्तर आलं : ‘काकी, ह्या वेळी घासाघीस करणार नाही. अर्धा किलो सोडे पाठवा.’

*

मेलच्या खाली ‘यादीतून नाव काढा’ असं बटण द्यावंच लागतं. ते वाचून दाखवल्यावर काकींनी माझा लॅपटॉप मिटला. ‘‘दारात आलेल्याला जायचा रस्ता आपणच दाखवायचा?’’ मेघनाने नियम समजावले. शेवटी काकी एका अटीवर तयार झाल्या : जो दाबेल, त्याचं नाव त्यांना सांगायचं.

तिसऱ्या आठवड्यात पावस गावच्या एका वकिलांनी दाबलं. काकींनी फोन लावला. भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, ‘‘वकीलसाहेब, माझं काय चुकलं?’’ वकीलसाहेब बराच वेळ चष्मा, अंगठा, नवा फोन असं काहीबाही सांगत राहिले.

संध्याकाळी त्यांचं नाव यादीत परत आलं. सोबत बायकोचंही!

*

मे महिन्यात, पावसाळ्याची साठवण करायच्या ऐन दिवसांत, अवकाळी सर आली आणि वाळत घातलेली सुकट भिजली. काकी म्हणाल्या, ‘‘लिही, ह्या आठवड्यात सुकट घेऊ नका. माझ्याकडची नको नि दुसऱ्याकडची पण नको. टिकायची नाय.’’

दादांनी मजकूर वाचला आणि उठून पंखा वाढवला. माल घेऊ नका म्हणून मेल पाठवणारा क्लायंट त्यांना पहिल्यांदाच भेटत होता.

त्या मेलला आली तितकी उत्तरं आजवर कधी आली नव्हती. बहुतेकांचं म्हणणं एकच : थांबलोय, चांगली आली की हाक मारा. काकींनी ती सगळी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. विसरले नाहीत म्हणायचे, असं स्वतःशीच पुटपुटल्या.

*

आता सासूबाई. त्याही काकी बाजारात बसायच्या तेव्हापासूनच्या गिऱ्हाईक, म्हणजे यादीत आहेतच. शुक्रवारी सकाळी चहाबरोबर त्या मेल मोठ्यानं वाचतात. ‘‘बघ, सुशीला कशी मोकळं बोलते. बरं वाटतं वाचून.’’ मी चहात बघते. हे मी लिहिते, असं पहिल्याच शुक्रवारी सांगायला हवं होतं. तेव्हा राहिलं आणि मग दर शुक्रवारी ते आणखी अवघड होत गेलं.

परवाच्या गुरुवारी जेवता जेवता काकींना आलेली उत्तरं वाचून दाखवत होते. एक आमच्याच घरचं, सासूबाईंचं निघालं. कळेपर्यंत मोठ्यानं वाचायला सुरुवात झाली होती.

‘सुशीला, सुकट पोचली. एक विचारू? सून गुणी आहे गं, पण बोलत नाही. सुरमई करते ती गुपचूप खाते, आवडते की नाही कळत नाही. आईची आठवण येत असेल. तिला काय करून घालू?’

काकींनी माझ्याकडे बघितलं. मग माझ्या ताटाकडे. ताटात कण उरला नव्हता.

‘‘लिही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तिला सुकट आवडते. कांदा जास्त, आमसूल कमी.’’

मी म्हटलं, काकी, हे मी कसं लिहू?

‘‘मेल कोणाची हाय? माझी. तू टाइप कर.’’

केलं. पाठवलं.

रविवारी ताटात भाकरी आणि सुकट. कांदा जास्त, आमसूल कमी. सासरे झाकण उचलून सुरमई शोधत होते. सासूबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या, मला आणखी एक डाव वाढला आणि म्हणाल्या, ‘‘सुशीलाला कळवायला हवं, जमली म्हणून. तूच टाइप कर. तुझा हात बसलाय.’’