बरं की खरं

स्टुडिओत सगळे त्यांना कानोबा म्हणायचे. तोंडावर कुणाची हिंमत नव्हती, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. कार्टूनपटात आवाज आधी रेकॉर्ड होतो, चित्रं मागाहून काढतात. अस्वल बोलतंय असं वाटायला हवं तर त्याचे ओठ कुठे मिटले, जबडा कुठे उघडला, हे कुणीतरी ऐकून लिहून द्यावं लागतं. ते काम कानोबांचं. कागदाच्या लांब पट्टीवर एका सेकंदाची चोवीस घरं आखलेली, आणि घराघरात मुंगीएवढं अक्षर, पेन्सिलनं. संगीत असलं तर ठोका कुठल्या घरात पडतो त्याची खूण, म्हणजे अस्वलाचं पाऊल नेमकं तिथेच पडेल. ती पट्टी शेजारच्या टेबलावर माझ्याकडे यायची आणि मी तोंडं काढायचे. तेवीस वर्षं मी तोंडंच काढली. लोक हसतात, हसू देत.

म्हातारा महातिरसट. संवादांचे छापील कागद आले की ते न वाचताच पालथे घालायचे. "लिहिलेलं वाचलं की कान लिहिलेलंच ऐकतो," म्हणायचे. "नट काय बोलला ते मला हवंय. काय बोलणार होता ते नकोय." मधेच पट्टीवर एखादं घर रिकामं सोडून बाजूला लिहायचे, 'श्वास, तोंड उघडं'. मी एकदा वैतागून विचारलं, "श्वास कोण बघतंय?"

"बघत कुणी नाही. पण नसला की बाहुली वाटते."

मी तो श्वास काढला आणि पडद्यावर पाहिला. खरंच होतं त्यांचं, मग मला आणखीनच राग आला.

रोज चार वाजता वहिनींचा फोन यायचा. वहिनी म्हणजे त्यांची बायको. त्यांना मूलबाळ नव्हतं, एकमेकांशिवाय कुणी नव्हतं. पूर्वी टेबलावरच्या जुन्या फोनमधून वहिनींचा आवाज अख्ख्या खोलीला ऐकू यायचा.

"अहो, आज किती वाजता?"

"सहाला घरी."

"मला खरं वाटत नाही."

की फोन बंद. आणि वहिनींचंच बरोबर असायचं, कारण कानोबा साडेआठच्या आत कधी उठले नाहीत. आम्ही तर वहिनींच्या सुरात सूर मिसळून 'मला खरं वाटत नाही' म्हणायचो. पुढे मोबाइल आला, कानोबा तो कानाशी दाबून धरायला लागले, वहिनींची बाजू ऐकू येईनाशी झाली. पण ती सगळ्यांना पाठच होती.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका प्रसंगात हरणाची आई पाडसाला ओरडून सांगते, "पळ!" कानोबांच्या पट्टीवर होतं 'चल'. मी तोंड काढायला घेतलं आणि थबकले. प म्हणताना ओठ मिटतात, च म्हणताना मिटत नाहीत. हेडफोन लावून चार वेळा ऐकलं. पळच होतं. तोवरच्या वीस वर्षांत मी त्यांची अशी चूक पाहिली नव्हती.

मालकांनी त्याच महिन्यात संगणकाचा एक प्रोग्राम आणला होता. आवाज टाकला की तो आपोआप अक्षरं भरायचा. भरायचा भिकार, पण रजा मागत नव्हता. कानोबांची एक चूक बाहेर पडायचा अवकाश, त्यांना निरोप मिळाला असता. मी खोडरबर उचललं आणि चलचं पळ केलं.

मग ते आठवड्याला एकदा झालं, मग रोज. अक्षर त्यांच्यासारखं बारीक काढायला मी शिकले. बोलताना ते आता समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता तोंडाकडे बघायचे. फोनवरचं प्रत्येक बोलणं रेकॉर्ड करायचे आणि फोन ठेवला की साउंडरूममध्ये जाऊन मोठ्या आवाजात पुन्हा ऐकायचे. मला सगळं दिसत होतं. 'कान तपासून घ्या' हे तीन शब्द मी बोलले नाही. मला वाटायचं, मी त्यांना सांभाळून घेतेय. आज विचाराल तर त्यात अर्धी माया होती आणि अर्धा भित्रेपणा, त्यांचा उतरलेला चेहरा बघायचा भित्रेपणा.

अशी तीन वर्षं गेली. त्या दिवशी चारला फोन आला. कानोबा म्हणाले, "सहाला घरी." क्षणभर ऐकलं आणि खळखळून हसले. "बघच तू!" म्हणाले आणि फोन ठेवला. साउंडरूममध्ये काही गेले नाहीत. रोजचंच वाक्य, त्यात पुन्हा काय ऐकायचं?

साडेपाचला त्यांनी पेन्सिली डब्यात घातल्या. आम्ही सगळे बघतच राहिलो.

"आज तिचं तोंड बंद करतो," ते मला म्हणाले, आणि पोरासारखे खुशीत जिना उतरले.

सहाला पाच कमी असताना ते घरी पोचले. वहिनी स्वयंपाकघरात जमिनीवर पडल्या होत्या. हात ओट्याच्या कडेकडे, फोन पायाशी. डॉक्टर म्हणाले हृदय, आणि वर हेही म्हणाले की तासभर आधी कुणी आलं असतं तर. लोकांना कुठे थांबावं ते कळत नाही.

तीन आठवड्यांनी कानोबा कामावर आले. शर्टाचं एक बटण तुटलेलं, दाढी अर्धवट. मला म्हणाले, "जरा आत ये."

साउंडरूममध्ये त्यांनी मला समोर बसवलं, दार लावलं आणि मोबाइलवरचं रेकॉर्डिंग मोठ्या स्पीकरवर लावलं. वहिनींचा आवाज खोलीभर झाला.

"अहो, आज किती वाजता?"

"सहाला घरी."

मधे एक श्वास होता, लांब, फाटका. मग, "मला बरं वाटत नाही."

मग कानोबांचं हसणं. "बघच तू!" आणि त्यानंतर वहिनी हळूच म्हणाल्या, "या मग."

त्यांनी रेकॉर्डिंग थांबवलं.

"माझे कान गेलेत. तुला ठाऊक आहे," ते म्हणाले. "तू सांग. बरं की खरं?"

त्यांची नजर माझ्या ओठांवर होती. बरं म्हणायला ओठ मिटावे लागतात. मी मिटू दिले नाहीत.

"खरं," मी म्हणाले. "नेहमीसारखंच. खरं वाटत नाही."

मग त्यांनी खण उघडून एक पट्टी काढली आणि माझ्यापुढे ठेवली. घराघरात मुंगीएवढी अक्षरं. 'म', 'ला', मग तीन घरं 'ओठ बंद', मग 'ब'.

"कानानं नाही, पडद्यावर आवाजाची रेघ बघून लिहिलीय," ते म्हणाले. "ख असता तर आधी रेघ कोरी असती आणि मग हवा फुटली असती. इथे रेघ बारीक थरथरतेय. मिटल्या ओठांआड आवाज चालू आहे. तिनं ब म्हटलंय. आणि आधीचा श्वास बघ. तो तर मला ऐकूही आला होता. मी पट्टीवर लिहिला असता, 'श्वास, तोंड उघडं'. बायकोचा होता म्हणून सोडून दिला."

"मग मला विचारलंत कशाला?"

"म्हटलं, एकदा तरी माझी चूक तोंडावर सांगशील." त्यांनी पट्टी माझ्याकडे सरकवली. "तीन वर्षं माझ्या पट्ट्या खोडतेस. अक्षर छान जमतं तुला, पण माझ्या च ला शेपूट नसतं. मीही गप्प बसलो. आपण दोघं गप्प बसलो."

मला रडू फुटलं. त्यांनी मला गप्प केलं नाही.

मी पट्टीकडे पाहिलं तेव्हा लक्षात आलं. तेवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी पट्टी पेनानं लिहिली होती.