नवव्या पाटीवरची पकड

वडनेर भोलजीत उकंडरावांसमोर आजकालच्या खेळाडूचं नाव काढायची सोय नव्हती. "हे काय खेळून राह्यले? शिट्टी वाजली की सुरू, शिट्टी वाजली की बंद! आमच्या टायमाले एक डाव दिवसभर चाले. यातला एक बी टिकला नसता!" तोंड सोडायचा त्यांना हक्कच होता म्हणा. तीस वर्षांपूर्वी आट्यापाट्यांच्या सामन्यात, मैदानावर आखलेल्या आठ पाट्या हुलकावण्या देत ओलांडून आलेल्या नांदुऱ्याच्या रज्जाकला त्यांनी शेवटच्या, नवव्या पाटीवर पकडलं होतं. रज्जाक म्हणजे पंचक्रोशीत कोणाच्या हाती न लागलेला गडी! त्या एका पकडीवर उकंडराव लग्नाच्या पहिल्या पंगतीला बसत आले.

यंदा गावच्या आट्यापाट्यांच्या सामन्यांच्या आधी शाळेच्या निवृत्ती मास्तरांनी खोड काढली. "उकंडराव, आजच्या जमान्यात तुम्ही तरी टिकले असते काय? रज्जाकभाईलेच बोलावू. तेच सांगतीन."

"त्याले कायले तरास देता?" म्हणत उकंडरावांनी विषय टाळायला पाहिलं. त्या दिवशी खरं काय झालं ते दोघांनाच ठाऊक होतं.

सामन्याच्या दिवशी रज्जाक आला. आता शिलाईकाम करणारा, जाड चष्म्याचा म्हातारा. मास्तरांनी भर मैदानात विचारलं, तसा तो उसळला.

"अरे, यानं काय पकडलं मले! ऐन नवव्या पाटीवर माह्या पायजम्याची नाडी तुटली. दोन्ही हातानं पायजमा धरून उभा राह्यलो, अन् यानं पाठीवर थाप मारली. लांब कुडत्याखाली कोणाले दिसलं नाही, अन् मी लाजेनं बोललो नाही. आजच्या पोराइसारखी चड्डी अन् पट्टा असता, तर ह्याच्या बापालेही सापडलो नसतो!"

मैदान खो खो हसलं. "काऊन चाचा, तीस वर्षांनी आठवली काय नाडी?" कोणी तरी ओरडलं. म्हातारा खाली मान घालून चष्मा पुसत राहिला.

सुटलो, असं उकंडरावांना वाटायला हवं होतं. पण त्यांना स्वतःचीच भयंकर लाज वाटली. ते उठले. "खरं सांगून राह्यला तो. नाडीच तुटली होती. मी नुसता हात लावला."

मग मास्तरांचे डोळे भरून आले. "पाह्यलं पोराहो? हरलेल्या गड्याची लाज राखाले माणूस सोतःवर घेते! आजच्या जमान्यात हाये असा कोणी?"

टाळ्यांचा नुसता कडकडाट. पोरं पाया पडायला धावली. पाहुण्यांसाठी आणलेला हार उकंडरावांच्या गळ्यात पडला. "अबे, खरंच सांगून राह्यलो!" ते ओरडले, तशा टाळ्या आणखी वाढल्या.

रज्जाक गर्दीतून वाट काढत त्यांच्यापाशी आला.

"तू गप्प राह्यला असता, तर एखाद्यानं तरी माह्यावर इश्वास ठेवला असता बे," तो म्हणाला आणि नांदुऱ्याच्या वाटेला लागला.